खुंटापासून रुळापर्यंत

(भिलाई येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, रिक्त जागा आणि पेन्शन हे विषय आजच्या कार्यक्रमात आहेतच. त्यावर आमच्यानंतरचे वक्ते बोलतील. आम्हाला मिळालेला वेळ आम्ही जंगलातल्या लाकडावर खर्च करणार आहोत. रेल्वे युनियनचा आणि झाडतोडीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जुना आहे, आणि आपल्या पोटापाण्याशी जोडलेला आहे.

आपण बसलो आहोत त्या भागात नागपूरकडून लोहमार्ग आला तो १८८० च्या दशकात. नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग राजनांदगावपर्यंत आला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो घेतला आणि ब्रॉडगेज केला. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे गोंदिया, भंडारा, नागपूरहून याच मार्गाच्या कामावर इकडे आले आणि इथलेच झाले. १९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर यांची राजधानी नागपूरच होती. म्हणजे आपली वस्ती या रुळाबरोबर वाढली. आणि रूळ उभा होता तो सालाच्या आणि सागाच्या लाकडावर.

सरकारचे जंगल खाते कशासाठी निघाले हेही पाहा. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रॅंडिस हे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स नेमले गेले. त्यामागचे एक मोठे कारण रेल्वेला लागणारे स्लीपर हेच होते. रेल्वेच्या ठेकेदारांनी हाताला लागेल ते झाड पाडले, आणि असेच चालले तर पुढे स्लीपर मिळणार नाहीत ही भीती सरकारला वाटली. मग १८६५ चा आणि १८७८ चा जंगल कायदा आला. जंगल राखीव झाले. ज्या आदिवासीचे ते घर होते, तो तिथे सरपणासाठीही गुन्हेगार ठरू लागला. त्याच आदिवासीच्या हातात कुऱ्हाड देऊन स्लीपर पाडून घेतले. मजुरीचा दर मात्र त्याने ठरवला नाही. ही गोष्ट आपण रेल्वे कामगारांनी विसरता कामा नये.

एका स्लीपरचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २.७५ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. म्हणजे सुमारे ०.०९ घनमीटर चिरलेले लाकूड. एका किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर सुमारे १४८ घनमीटर झाले. अडीचशे किलोमीटरच्या एकेरी मार्गाला ४ लाख १५ हजार स्लीपर लागतात. त्यात स्टेशनांच्या साइडिंगा, पॉइंट आणि पूल धरलेले नाहीत.

झाडाच्या बाजूने पाहा. १२० सेंटिमीटर घेराचा ओंडका म्हणजे ३८ सेंटिमीटर व्यास. त्यातून एका लांबीत दोन स्लीपर जेमतेम बसतात, आणि कडेचे पांढरे लाकूड सोडून निव्वळ गाभ्याचा घ्यायचा म्हटले तर एकच. सालाचे झाड त्या घेराला यायला अनेक दशके लागतात. इकडे सालाविषयी म्हण आहे, ‘सौ साल खड़ा, सौ साल पड़ा, सौ साल सड़ा’. पण रुळाखाली, खडीच्या ओलीत आणि गाडीच्या दणक्यात, लाकडी स्लीपर साधारण १२ ते १५ वर्षे टिकायचा. म्हणजे शंभर वर्षांत तोच किलोमीटर सहा ते आठ वेळा जंगलातून नव्याने आणावा लागला.

सालाची आणखी एक गोष्ट जुने वनमजूर सांगतात आणि जंगल खात्याची पुस्तकेही तेच सांगतात. सालाचे बी पहिल्या पावसाच्या सुमारास पडते आणि आठवड्याभरात त्याची उगवण्याची ताकद जाते. उगवलेले रोप वर्षानुवर्षे वरून मरते आणि मुळातून पुन्हा फुटते, मग कधीतरी वर निघते. म्हणून सालाचे जंगल नर्सरीत रोपे करून सहज उभे राहात नाही. मोठे झाड पाडण्याआधी त्याच्या खाली पुढची पिढी उभी आहे ना, हे पाहावे लागते. बस्तरमध्ये १९७० च्या दशकात सालाचे जंगल काढून परदेशी पाइन लावण्याची योजना निघाली होती. आदिवासींचा विरोध झाला आणि ती पुढे सोडून द्यावी लागली. ती पुरी झाली असती तर काय गेले असते, हे या एका आठवड्याच्या बियाण्यावरून समजावे.

मोजणी कुठे सुरू होते

जंगल तोडायचेच नाही असे आमचे म्हणणे नाही. घराला दार लागते, शेतकऱ्याला नांगर लागतो, वनमजुराला रोजगार लागतो. जंगल टिकवून लाकूड घेता येते आणि त्याची रीत ठरलेली आहे. तिला कार्य आयोजना म्हणतात. जंगलाचे कक्ष पाडायचे, दर वर्षी ठराविक कूप घ्यायचा, त्यातले ठराविक घेराच्या वरचेच झाड निवडायचे, नाल्याकाठचे आणि उतारावरचे सोडायचे, आणि वाढीने जेवढे भरून निघेल तेवढेच काढायचे. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर मोजतात.

निवडलेल्या झाडावर जंगल खात्याचा हातोड्याचा शिक्का दोन ठिकाणी मारतात. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी, जिथे कुऱ्हाड लागणार नाही अशा जागी. बुंध्याचा शिक्का कशासाठी? झाड गेल्यावर खुंट राहतो. खुंटावर शिक्का असेल तर तोड कायदेशीर, नसेल तर चोरी. खुंटाचा नंबर, ओंडक्याचा नंबर, वाहतूक पासावरचा नंबर आणि डेपोतल्या थप्पीचा नंबर जुळला पाहिजे. ही साखळी जिथे तुटली, तिथे जंगल गेले असे समजा.

साखळी कशी तुटते ते आकड्यात सांगतो. ओंडक्याचे माप चौथाई घेराने काढतात, म्हणजे घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंटिमीटर घेराचा, ३ मीटर लांबीचा ओंडका ०.२७ घनमीटर भरतो. आता टेप धरणाऱ्याने १२० ऐवजी ११० लिहिले. फक्त दहा सेंटिमीटर. माप भरते ०.२२७. म्हणजे सुमारे १६ टक्के लाकूड कागदावरून गायब. अशा चाळीस ओंडक्यांच्या एका ट्रकमागे सहा ओंडक्यांएवढे लाकूड कोणत्याही शिक्क्याशिवाय, कोणत्याही चोरवाटेशिवाय, नाक्यावरून सलाम घेत बाहेर जाते. मजूर कापणीचा दर मापावर घेत असेल तर त्याचीही मजुरी तेवढीच बुडते. जंगलाची चोरी आणि मजुराची चोरी एकाच टेपने होते.

मजुराची मजुरी हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वारली कामगारांनी १९४६ मध्ये लाकूड व्यापाऱ्यांविरुद्ध जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप केला होता. पुढे मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, त्या ठेकेदाराला मधून काढण्यासाठीच. काही चांगल्या चालल्या, काहींत ठेकेदार मागच्या दाराने परत आला. जिथे सभासद स्वतः माप पाहात होता तिथे तो येऊ शकला नाही.

पास कोण करतो

आता आपल्या बाजूचे बोलू. जंगलातून आलेला स्लीपर रेल्वे घेई ती तपासून. या तपासणीला आपल्याकडे पासिंग म्हणत. लाकूड कोणत्या जातीचे, त्याची ताकद आणि कठीणपणा मिळून आकडा काढलेला असे. साध्या मार्गाच्या स्लीपरला हा निर्देशांक किमान ७८३ पाहिजे, क्रॉसिंगच्या स्लीपरला १३५२ आणि पुलाच्या स्लीपरला १४५५. साल आणि साग तसेच रुळाखाली जात. चीडसारखे मऊ लाकूड आधी क्रिओसोट पाजून घ्यावे लागे. त्यासाठी पंजाबात ढिलवान, उत्तर प्रदेशात क्लटरबकगंज, आसामात नहारकटिया आणि केरळात ओलवक्कोट इथे कारखाने होते.

मग एकेक स्लीपर पालथा-उताणा करून पाहायचा. टोकाला चीर आहे का, रूळ बसतो त्या जागी गाठ आहे का, कडेला पांढरे लाकूड किती आहे, भुंग्याचे भोक आहे का, तंतू पिळलेला आहे का. चांगल्यावर शिक्का, वाईट बाजूला. पास झालेल्याच्या टोकाला पट्टी ठोकायची म्हणजे चीर वाढत नाही, आणि हवा खेळेल अशी थप्पी लावायची. गँगमनला हे पाठ असे, कारण कुजक्या स्लीपरमधून डॉगस्पाइक हाताने निघतो आणि गेज सुटतो. गेज सुटला तर काय होते, हे या सभेत सांगायची गरज नाही.

तपासणी कशी वाकवली जाते याचा एक अनुभव सांगतो. जागेचे आणि माणसाचे नाव घेणार नाही. एका डेपोत आमच्या एका सभासदाने आलेल्या मालातले बरेच स्लीपर नापास केले. पांढरे लाकूड जास्त, टोके फुटलेली. वरून तोंडी निरोप आला, ‘एवढे कडक होऊ नका.’ त्याने उत्तर दिले, ‘लिहून द्या, मग पास करतो.’ कोणी लिहून दिले नाही. पंधरा दिवसांत त्याची बदली झाली, मुलांच्या परीक्षा तोंडावर असताना. युनियन त्याच्या पाठीशी राहिली. बदली रद्द व्हायला अनेक महिने लागले. तोवर तो माल कुणीतरी पास केला होता आणि रुळाखाली गेला होता.

यातून आम्ही एक गोष्ट धरून ठेवली. पास करणारा माणूस कायम नोकरीचा हवा, त्याच्या नापासाला संरक्षण हवे, आणि तोंडी हुकूम हा हुकूम धरला जाता कामा नये. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे, त्याच्याकडून ठेकेदाराच्या मालाची तपासणी कशी होणार?

कागद बरोबर, जंगल गायब

बस्तरचे मालिक मकबूजा प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांत वाचले असेल. आदिवासीच्या स्वतःच्या जमिनीवरचे मौल्यवान झाड त्याच्याकडून कवडीमोलाने जाऊ नये म्हणून १९५६ चा कायदा होता. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नसे. तरी परवानग्या निघत गेल्या, साग पाडला गेला, व्यापाऱ्यांनी लाखो कमावले आणि आदिवासीच्या हाती फारच थोडे पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सीबीआय चौकशीपर्यंत पोचले. तिथे अर्ज होते, सह्या होत्या, पास होते. खुंटापाशी उभे राहून झाड कोणाचे, किती आणि पैसे कोणाच्या हातात पडले, हे पाहणारा स्वतंत्र माणूस नव्हता.

१२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय देशात कुठेही जंगलात झाडतोड होणार नाही. त्याच आदेशात ईशान्येच्या सात राज्यांतून बाहेर जाणाऱ्या लाकडाची वाहतूक रेल्वे, रस्ता आणि जलमार्ग तिन्हींनी बंद केली, आणि अंमलबजावणीची जबाबदारी राज्यांबरोबर भारतीय रेल्वेवर टाकली. संरक्षण आणि सरकारी कामाचे दाखला असलेले लाकूड तेवढे सोडले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालधक्क्यावरच्या आपल्या क्लार्कला जंगलाचा नाकेदार केले. किती जणांना हे ठाऊक होते? वॅगन अडवणाऱ्याला संरक्षणाचा कागद कोणी दिला होता?

बंदीनेही सर्व भागत नाही हे त्याच सुमारास दिसले. १९९५ नंतर मंडला-दिंडोरी भागातल्या सालाच्या जंगलात साल बोरर या भुंग्याची मोठी लागण झाली. भुंग्याची अळी जिवंत झाड आतून पोखरते. लागलेले झाड काढले नाही तर शेजारचे जाते. पण ‘लागलेले’ ठरवणार कोण? त्यासाठी झाडांची लागणीप्रमाणे वर्गवारी केली. तोड किती आणि कोणत्या वर्गाची करायची यावर मोठा वाद झाला आणि तोही न्यायालयात गेला. भुंगे धरायला मात्र एक साधा उपाय वापरला गेला. पावसाळ्यात ताजे ओंडके ठेचून ठेवायचे, रसाच्या वासाने भुंगे येतात, गावकरी ते वेचतात आणि मोजून पैसे घेतात. तिथेही काम झाले ते गावकऱ्याच्या डोळ्यांनी आणि मोजणीने.

लाकडी स्लीपर गेला, देणे राहिले

आज मुख्य मार्गांवर काँक्रीटचे स्लीपर आहेत. लाकडी स्लीपर पाऊणशे किलोच्या आसपास असे, दोघे-चौघे उचलत. काँक्रीटचा अडीचशे किलोंच्या वर जातो, त्याला मशीन लागते. या बदलात गँगची किती पदे गेली हा वेगळा हिशेब आहे. साल वाचला याचा आम्हाला आनंद आहे. पण रेल्वेचे जंगलाशी देणे संपले असे कोणी म्हणू नये. भिलाईत १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली आणि पुढे देशाचा रूळ इथे होऊ लागला. त्याचे लोहखनिज दल्ली-राजहराहून आले, आणि आता रावघाटकडे मार्ग नेला आहे. ते डोंगर जंगलाचेच आहेत. स्लीपर काँक्रीटचा झाला तरी रूळ जंगलाखालून येतो.

दल्ली-राजहराच्या खाण कामगारांना हे आपल्याआधी उमगले होते. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या त्यांच्या युनियनने आपले जंगल ओळखण्याची मोहीम चालवली आणि रोपे लावली. मजुरीची लढाई लढणारी युनियन झाडांची नावे कामगारांच्या मुलांना शिकवत होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची याच भिलाईत हत्या झाली. त्यांची युनियन वेगळी, झेंडा वेगळा. तरी हा धडा आपण घ्यावा.

दुसरे उदाहरण आपल्या गडचिरोलीतले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जो पास शंभर वर्षे सरकारी टेबलावरून निघत होता, तो गावच्या सभेतून निघू लागला. इमारती लाकूड या कायद्याच्या गौण वनोपजात येत नाही, ते अजून खात्याकडेच आहे. पण कूप कुठे पडला आणि किती झाडे गेली, हे पाहायला ग्रामसभेला कोणी अडवू नये.

टपाल खात्यातल्या बंधूंना वाटेल, यात आपण कुठे? जंगलातल्या गावी सरकारचा रोज दिसणारा माणूस बहुतेक वेळा डाकसेवकच असतो. रोजगार हमीची मजुरी अनेक गावांत टपालाच्या बचत खात्यातून वाटली गेली आहे. मजुराला त्याच्या खात्यात किती आले हे वाचून सांगणे, आणि हजेरीपेक्षा कमी असेल तर तक्रार कुठे करायची ते सांगणे, हे लहान काम नव्हे. लाकडाच्या साखळीचे पहिले टोक खुंट असेल, तर दुसरे टोक त्या पासबुकात आहे.

शेवटी आमचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो, आणि शाखांनी यावर ठराव करावा अशी विनंती करतो. एक, रेल्वेत लाकूड असो, लोखंड असो की काँक्रीट, माल पास करणारा कर्मचारी कायम नोकरीचाच असावा. दोन, माल नापास करणाऱ्याची किंवा पासाशिवाय लाकडाची वॅगन अडवणाऱ्याची त्या कारणाने बदली होऊ नये, आणि झाली तर युनियनने पहिल्या दिवशी उभे राहावे. तीन, मार्गातून आणि पुलांवरून निघालेल्या जुन्या लाकडी स्लीपरांचा लिलाव मोजून, शिक्का मारून, सर्वांसमोर व्हावा, म्हणजे त्यांच्या कागदावर ताजे लाकूड निघणार नाही. चार, कूपावर काम करणाऱ्या वनमजुराला मापाची चिठ्ठी त्याच्या भाषेत, त्याच दिवशी मिळावी.

यासाठी मोठा निधी लागत नाही. टेप सरळ धरणारा हात लागतो, आणि त्या हातामागे उभी राहणारी संघटना लागते. पहिले आपल्याकडे आहेत. दुसरे आपण आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!